साठ दिवसांचा हिशेब



एखादे मूल तोंडी उत्तरे फटाफट देते, पण लिहिताना 'घ' आणि 'ध' यांत सतत गोंधळते. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. खरे कारण तपासणीतूनच कळते; ती लांबली की मुलाचे वर्ष वाया जाते.

अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. २००४ च्या दुरुस्तीने त्यात दिवस मोजून दिले. पालकांनी लेखी संमती दिल्यापासून ६० दिवसांत, किंवा राज्याने ठरविलेल्या मुदतीत, तपासणी पुरी झालीच पाहिजे. मूल पात्र ठरल्यावर ३० दिवसांत त्याच्या शिक्षणयोजनेची बैठक घ्यावयाची. खर्च पालकांवर नाही. तपासणीही शक्यतो मुलाच्या भाषेत. मात्र पालकांनीच मुलाला वारंवार हजर केले नाही, तर ही मुदत बंधनकारक राहत नाही.

आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही शिकण्यातील अडचणी शाळांनी लवकरात लवकर ओळखाव्यात, असे म्हटले आहे. पण 'लवकरात लवकर' म्हणजे किती दिवस, हे ते कलम सांगत नाही. म्हणून तारखेचा आग्रह आपणच धरला पाहिजे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तपासणीची तारीख विचारा; आणि त्या दिवशी कामावर खाडा पडला तरी मुलाला घेऊन जा.

विद्यार्थी मित्रांनो, अडखळणाऱ्या सोबत्याला हसू नका. त्याची अडचण गुरुजींच्या कानावर घाला. बालपणाला मुदतवाढ मिळत नाही, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.