शेगडीची ज्योत पिवळी झाली तर

पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली की अनेकजण सिलिंडरला दोष देतात. आधी बर्नर पाहा. ज्योत निळी असेल तर गॅस नीट जळतोय. पिवळी, लवलवती असेल तर त्याला हवा कमी पडतेय. उतू गेलेलं दूध भोकांत वाळून बसतं, नाहीतर बर्नरखालच्या नळीत कोळी जाळं करतो. शेगडी पूर्ण गार झाल्यावर पितळी बर्नर काढा, सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवा, भोकं टाचणीनं मोकळी करा आणि खडखडीत वाळवूनच बसवा. ओला बर्नर फडफडतो. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटमध्ये मात्र सुई घालू नका. त्याचं बारीक छिद्र मोठं झालं की गॅस जास्त येतो.

आता नाशिककरांसाठी खास. शहरात महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपनीची पाइपलाइन घरोघरी येते आहे. सिलिंडरची शेगडी तशीच त्यावर जोडली तर ज्योत मंद राहते, कारण पाइपच्या गॅसला मोठ्या छिद्राचा जेट लागतो. तो कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

गॅसचा वास आला तर? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन 1906 हा गॅसगळतीचा मदत क्रमांक फिरवा. तो चोवीस तास सुरू असतो.