एका राणीचा वनवास

श्रोतेहो, आपली मुंबई इंग्रजांना आंदणांत मिळाली, हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा पोर्तुगालच्या राजकन्येशीं, कॅथरिनशीं, १६६२ सालीं विवाह झाला. त्या विवाहाच्या तहानें मुंबई बेट वरपक्षाकडे गेलें, आणि १६६८ मध्यें राजानें तें वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. इतकी गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असते. परंतु या लग्नांतली वरमाय कोण होती? नवी सून पाहण्याकरितां त्याच वर्षीं ती फ्रान्सहून समुद्र ओलांडून आली. तिच्या आयुष्याकडे मात्र शाळेचीं पुस्तकें सहसा वळत नाहींत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. इंग्लंडचा इतिहास मीं पुष्कळ वर्षें शिकविला. पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या झगड्याचा धडा आला, कीं मी फळ्यावर कारणें लिहीत असें. त्यांत चौथें कारण ठरलेलें असे : 'राणीचा वाईट सल्ला.' एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, "गुरुजी, राजाचें डोकें उडविल्यावर त्या राणीचें काय झालें?" मी म्हणालों, "परीक्षेंत तें विचारीत नाहींत. बैस." मुलगा बसला. खरी गोष्ट अशी, कीं उत्तर मलाच येत नव्हतें. निवृत्तीनंतर सवड झाली तेव्हां मीं तें शोधलें, आणि तेंच आज आपल्यापुढें मांडतों.

हेन्रिएटा मरिया ही फ्रान्सचा लोकप्रिय राजा चौथा हेन्री याची सर्वांत धाकटी मुलगी. १६०९ च्या नोव्हेंबरांत पॅरिसच्या लूव्र राजवाड्यांत ती जन्मली. ती सहा महिन्यांचीही झाली नव्हती, तोंच एका माथेफिरूनें भर रस्त्यांत तिच्या पित्याचा खून केला. १६२५ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सशीं तिचें लग्न झालें. वधू रोमन कॅथॉलिक, वर प्रॉटेस्टंट. म्हणून विधि झाला तो नोत्र-दाम देवळाच्या दाराबाहेर, आणि तोही वर हजर नसतां, त्याच्या प्रतिनिधीबरोबर. पुढच्या वर्षीं चार्ल्सला राज्याभिषेक झाला. प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्याच्या हातून आपण अभिषेक करून घेणार नाहीं, असें म्हणून राणी त्या समारंभांत सामील झालीच नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा हिशेब तीस वर्षांनीं चुकता झाला.

आरंभीं नवराबायकोचें पटलें नाहीं. राणीबरोबर माहेराहून आलेला परिवार राजानें १६२६ मध्यें बहुतेक परत पाठविला. १६२८ मध्यें राजाचा लाडका मंत्री बकिंगहॅम मारला गेला, आणि त्यानंतर त्या दोघांत जो स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. इंग्रज प्रजेला मात्र ती कधीं आपली वाटली नाहीं. राज्यांत कांहींही बिघडलें, कीं लोक तिच्याकडे बोट दाखवीत. आपल्याकडे एखाद्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात, तशांतली गत. हा आरोप सर्वस्वीं खोटाही नव्हता. प्रजेपुढें राजानें नमतें घ्यावें, हें तिच्या मनाला कधीं शिवलेंच नाहीं. आणि तिच्या शब्दाला राजाजवळ वजन होतें.

१६४२ च्या आरंभीं यादवी युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं. त्या फेब्रुवारींत राणी डोव्हरहून हॉलंडला गेली. वरकरणी निमित्त होतें दहा वर्षांच्या मेरीला तिच्या सासरीं पोंचविण्याचें. खरें काम निराळें होतें. आपलें स्त्रीधन आणि राजघराण्याचीं रत्नें तिनें बरोबर घेतलीं होतीं. हॉलंडचे सराफ व्यवहाराचे पक्के. हे दागिने राणीचे कीं राज्याचे, उद्यां पार्लमेंटानें हक्क सांगितला तर काय, अशा शंका ते काढीत. तरीही एका वर्षांत तिनें जमेल तें विकलें, जमेल तें गहाण टाकलें, आणि नवऱ्यासाठीं बंदुका, दारूगोळा व पैसा उभा केला. याच वर्षीं जुलै महिन्यांत तिची आई, फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची, कोलोन शहरीं वारली. तिला तिच्या सख्ख्या मुलाशीं झालेल्या वैरामुळें देश सोडावा लागला होता. तीन वर्षें ती लंडनला लेकीजवळ राहून गेली होती. निर्वासित राणीचें जिणें कसें असतें, हें हेन्रिएटानें असें स्वतःच्या आईच्या रूपानें आधींच पाहिलें होतें.

परतीच्या प्रवासांत वादळानें तिचीं गलबतें पुन्हां हॉलंडकडे लोटलीं. बरोबरच्या बायका रडूं लागल्या तेव्हां, इंग्लंडची राणी कधीं बुडत नसते, असें सांगून तिनें त्यांना धीर दिला म्हणतात. १६४३ च्या फेब्रुवारींत ती यॉर्कशरमधील ब्रिडलिंग्टन येथें उतरली, आणि लगेच पार्लमेंटच्या जहाजांनीं ती निजलेल्या घरावर तोफा डागल्या. अंगावर असेल त्या कपड्यांनिशीं ती बाहेर पळाली. इतक्यांत आपलें म्हातारें कुत्रें, मिट, आंत राहिल्याचें तिच्या ध्यानांत आलें. ती मागें फिरली, कुत्रें उचललें, आणि मग गांवाबाहेरच्या एका चरांत जाऊन पडून राहिली. हें धैर्य म्हणावें कीं हट्ट, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. या बाईंत या दोन गोष्टी वेगळ्या करतांच येत नाहींत.

पुढें कांहीं महिने ऑक्सफर्ड येथें नवऱ्याच्या सहवासांत गेले. १७ एप्रिल १६४४ रोजीं ॲबिंग्डन गांवीं दोघांनीं एकमेकांचा निरोप घेतला. राणी गरोदर होती, शत्रु जवळ येत होता. त्या दिवसानंतर तीं दोघें एकमेकांच्या दृष्टीस पुन्हां पडलीं नाहींत. जूनच्या सोळा तारखेस एक्सेटर शहरीं तिला मुलगी झाली. पार्लमेंटचें सैन्य शहराकडे येऊं लागलें. आणि राणीवर राजद्रोहाचा आरोप तर आदल्या वर्षींच ठेवलेला होता. पंधरा दिवसांची ती बाळंतीण तान्ह्या मुलीला एका विश्वासू बाईच्या ओटींत घालून निघाली. १४ जुलैला फाल्मथच्या बंदरांत ती जहाजावर चढली. वाटेंत पाठलाग झाला. पकडलें जाण्याची वेळ आली तर कोठारांतील दारू पेटवून द्या, असें तिनें कप्तानाला बजावलें होतें म्हणतात. अखेर ब्रिटनीच्या खडकाळ किनाऱ्याला ती लागली. माहेरची भूमि तिनें एकोणीस वर्षांनीं पाहिली, ती अशा स्थितींत.

माहेरीं भावजय ॲन राज्य पाहत होती, कारण भाचा चौदावा लुई अवघा पांच वर्षांचा होता. लूव्रमध्यें जागा मिळाली, रोजची नेमणूक मिळाली. त्यांतला मोठा भाग ती नवऱ्याकडे पाठवी. उरलीसुरलीं भांडींही विकून झालीं. १६४५ मध्यें नेझ्बीच्या लढाईंत राजाचें खासगी दफ्तर शत्रूच्या हातीं पडलें. नवराबायकोंनीं एकमेकांना लिहिलेलीं पत्रें लंडनमध्यें छापून विकण्यांत आलीं : पाहा, तुमचा राजा बायकोच्या तंत्रानें चालतो! गंमत अशी, कीं दुसऱ्याच वर्षीं राणी नवऱ्याला लिहीत होती, बिशपांचा आग्रह सोडा, स्कॉट लोकांना हवा तो पंथ मान्य करा, पण राज्य राखा. स्वतःच्या पंथासाठीं जिनें मुकुट डोक्याला लावून घेतला नाहीं, तिनें नवऱ्याच्या पंथाची किंमत अशी केली. आणि तिचें ऐकणारा म्हणून बदनाम झालेल्या राजानें नेमकें हें ऐकलें नाहीं.

१६४६ मध्यें एक आनंदाचा दिवस उगवला. एक्सेटरला मागें ठेवलेली मुलगी परत मिळाली. त्या विश्वासू बाईनें, लेडी डॅल्कीथनें, फाटके कपडे घालून, पोरीला गरीब मुलाचा वेष देऊन पायीं डोव्हर गांठलें होतें. वाटेंत ती दोन वर्षांची पोर भेटेल त्याला, मी मुलगा नव्हे, राजकन्या आहें, असें सांगत होती म्हणे!

घर फिरलें म्हणजे घराचे वासेही फिरतात. १६४९ च्या जानेवारींत पॅरिसमध्येंच बंड उसळलें. भावजय आणि भाचा रातोरात शहर सोडून गेलीं. हेन्रिएटा लूव्रमध्यें राहिली. पुढें कार्डिनल द रेट्स म्हणून प्रसिद्धीस आलेला धर्माधिकारी एके दिवशीं तिला भेटावयास गेला. राणी मुलीच्या खोलींत बसलेली आणि मुलगी दिवसाढवळ्या अंथरुणांत. विस्तव पेटवायला लांकूड नव्हतें. पोरीला ऊब मिळावी म्हणून आईनें तिला उठूं दिलें नव्हतें. नेमणूक सहा महिने थकलेली, दुकानदारांनीं उधार बंद केलेलें. त्यानें हें पॅरिसच्या न्यायसभेपुढें सांगितलें, आणि सभेनें चाळीस हजार लिव्हर मंजूर केले. ज्या लूव्रमध्यें ती राजाची लेक म्हणून जन्मली, त्याच लूव्रमधली ही हकीगत.

त्याच महिन्याच्या अखेरीस, इंग्रजी पंचांगाप्रमाणें ३० जानेवारीला, लंडनमध्यें चार्ल्सचा शिरच्छेद झाला. बातमी फेब्रुवारींत पोंचली. ती ऐकून राणी रडली नाहीं, बोललीही नाहीं. पुतळ्यासारखी बसून राहिली. सारे घाबरले. अखेर तिच्या जिव्हाळ्याची एक सरदारपत्नी येऊन गळ्यांत पडून रडूं लागली, तेव्हां कोठें तिचे अश्रु वाहूं लागले. पुढें मादाम द मोतव्हील या बाईकरवीं तिनें भावजयीला निरोप धाडला, तो असा : माझा पति बुडाला, कारण खरें काय तें त्याच्या कानांवर कधीं आलें नाहीं, प्रजेला चिडविण्यापूर्वीं तिला आवरण्याची शक्ति अंगीं आहे कीं नाहीं तें पाहा. हा धडा तिनें फार मोलानें विकत घेतला होता.

श्रोतेहो, दुःखानें माणूस निवळतें असें आपण मानतों. नेहमीं तसें होत नाहीं. राणीचा धाकटा मुलगा हेन्री वडिलांच्या मृत्यूच्या वेळीं आठ वर्षांचा होता. शेवटच्या भेटींत पित्यानें त्याला मांडीवर घेऊन, आपला धर्म सोडूं नकोस, असें सांगितलें होतें. पार्लमेंटाच्या कैदेंतून सुटून तो १६५३ मध्यें आईकडे आला. आईनें त्याला कॅथॉलिक करावयाचा चंग बांधला. मुलगा बधेना. १६५४ च्या अखेरीस तिनें, तुझें तोंड पाहणार नाहीं, म्हणून सांगितलें. त्याच्या बिछान्यावरच्या चादरी काढवल्या, तबेल्यांतून घोडे हांकलविले. ती मठाकडे निघाली असतां मुलानें रस्त्यांत गुडघे टेकून आशीर्वाद मागितला. ती न बोलतां पुढें गेली. चौदा वर्षांच्या पोराला आईच्या दारांतून हद्दपार व्हावें लागलें. ज्या निष्ठेनें तिला ब्रिडलिंग्टनच्या तोफांपुढें उभें केलें, तीच निष्ठा येथें पोटच्या पोरावर उलटली.

हिशेबाची गोष्ट मीं मघाशीं सांगितली होती. पुढें क्रॉमवेलशीं फ्रान्सचें सख्य झालें, तेव्हां या विधवेची इंग्लंडमधली हक्काची नेमणूक तरी द्यावी, अशी रदबदली कार्डिनल माझारँनें केली. तिला अभिषेक झालेला नाहीं, सबब ती इंग्लंडची राणी नव्हेच, असा जबाब आला म्हणतात. तारुण्यांतला एक नकार असा वार्धक्यांत दारीं येऊन उभा राहिला.

१६६० मध्यें चक्र फिरलें. थोरला मुलगा गादीवर बसला. सोळा वर्षांचा वनवास संपला. परंतु तिच्या पायाला इंग्लंडची भूमि लागण्यापूर्वींच, सप्टेंबरांत, हेन्री देवीच्या रोगानें वारला. न दिलेला आशीर्वाद तसाच राहिला. नोव्हेंबरांत ती लंडनला आली. पीप्स नांवाच्या रोजनिशीकारानें तिला त्या महिन्यांत पाहिलें. ती एक ठेंगणी, साधी म्हातारी बाई आहे, एवढेंच त्याच्या मनांत भरलें. तेव्हां तिचें वय पुरतें एक्कावन्न! डिसेंबरांत मेरी, जिला घेऊन ती हॉलंडला गेली होती, तीही देवीनें गेली. श्रीरामचंद्र चौदा वर्षांनीं परतले तेव्हां नंदिग्रामीं भरत वाट पाहत होता. हिची वाट पाहणारें उरलें होतें तरी कोण? एकीकडे ती सासरला परकी, दुसरीकडे माहेरला पाहुणी. जानेवारींत धाकटीला घेऊन ती फ्रान्सला परतली. १६६२ मध्यें सुनेला पाहावयास पुन्हां आली, तीन वर्षें राहिली, आणि प्रकृति मानवेना म्हणून कायमची निघून गेली. पॅरिसजवळ कोलोंब येथें, १० सप्टेंबर १६६९ रोजीं, झोपेसाठीं राजवैद्यानें दिलेल्या अफूमिश्रित औषधाची मात्रा घेऊन ती निजली, ती उठलीच नाहीं. सें-दनीच्या राजस्मशानांत तिचा देह ठेवला, आणि हृदय तिनेंच स्थापिलेल्या शायोच्या मठांत.

मागच्या बांकावरील तो मुलगा आज कोठें असेल, कोण जाणे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. फळ्यावरचें तें चौथें कारण मी अजूनही पुसणार नाहीं, कारण तें खरेंच आहे. पण आज मला तो वर्ग मिळाला, तर त्याच्याखालीं मी आणखी एक ओळ लिहीन : तोफा चालू असतां ही बाई एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठीं मागें फिरली, आणि मुलगा रस्त्यांत गुडघे टेकून बसला असतां फिरली नाहीं. आणि मुलांना सांगेन, कीं या ओळीवर परीक्षेंत प्रश्न येत नाहीं; घरीं जाऊन विचार करा.