दुरुस्तीचे समाधान आणि दुरुस्तीचा अधिकार

(टिटवाळा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने पंखा, मिक्सर आणि कुकर यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु बिघडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात वारंवार उभा राहतो आणि श्रम व भांडवल यांचे संबंध त्यात पुरते गुंतलेले असतात.

दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा चालू लागते तेव्हा मनाला होणारे समाधान केवळ वाचलेल्या पैशाचे नसते. छताचा पंखा मंद फिरू लागला की पुष्कळदा मोटार ठणठणीत असते. कपॅसिटर तेवढा कमजोर झालेला असतो आणि तो थोडक्या पैशात बदलता येतो. मिक्सरची मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तेव्हा बहुधा कपलरचे दाते झिजलेले असतात. हे एकदा उमगले की यंत्राचे गूढ ओसरते. पावती हाती असणे हा मालकीचा एक भाग झाला. वस्तू कशी चालते हे कळणे हा दुसरा. तो दुसरा भाग हाती आल्याचा आनंद म्हणजेच दुरुस्तीचे समाधान.

गतकाळाचे गोडवे मला गायचे नाहीत. कल्हईवाला दारी येई, भट्टी पेटवून पितळेचे पातेले तापवी, नवसागर टाकून कथलाचा चकचकीत थर देई. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया वस्तीवस्तीतून हिंडत. त्या कौशल्याविषयी आदर बाळगूनही हे सांगितले पाहिजे की, त्यामागे टंचाई होती आणि ते धंदे बहुतांशी जातीने बांधलेले होते. स्टेनलेस स्टील आले आणि गृहिणींचे कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. आपल्याला हवी आहे ती ज्ञानातून आणि स्वेच्छेने होणारी दुरुस्ती.

मग ती मागे का पडते? नवी वस्तू कारखान्यात लाखांच्या संख्येने निघते. बिघाड मात्र प्रत्येक वेळी निराळा, आणि तो शोधण्यात एका माणसाचा वेळ जातो. त्यामुळे बाजाराच्या हिशेबात दुरुस्ती महाग दिसते. खाणीतून काढलेली धातू, कचऱ्याचे ढीग आणि तो कचरा उपसणाऱ्यांचे आरोग्य या गोष्टी त्या हिशेबात येतच नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाचे गणितही असेच आहे. नवा सदरा विकत घेतला तर त्याची नोंद होते. जुन्याला घरी बटण लावले तर होत नाही.

याखेरीज वस्तूच दुरुस्त होऊ नये अशी बनवली जाते. १९२४ साली बड्या दिवा-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन करून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले. अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंडाची तरतूद होती. याउलट आपल्या घरातला प्रेशर कुकर पाहा. त्याची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह सुटे मिळतात आणि घरची बाई ते स्वतः बदलते. दुरुस्ती शक्य ठेवणे तंत्रज्ञानाला अवघड नाही, याचा हा रोजचा पुरावा आहे.

जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात टिकाऊपणाला अर्थव्यवहाराच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांचा विचार आज कायद्याच्या भाषेत बोलला जात आहे. फ्रान्सने २०२१पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचा दहापैकी गुणांक छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ साली ठरावीक वस्तूंची दुरुस्ती हमीची मुदत संपल्यावरही वाजवी दरात करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य आहे. पण माहिती मांडणे वेगळे आणि कायद्याने बांधणे वेगळे.

टिटवाळ्यासारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्याचा दिवस कल्याण-मुंबईच्या लोकल प्रवासात संपतो, त्याला दुरुस्ती घराजवळच मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही तर तो हप्त्यावर नवी वस्तू घेतो. दुरुस्तीचे पैसे गावातल्या कारागिराच्या घरी जातात. हप्त्याचे पैसे बहुतांशी गावाबाहेर जातात. कारागिराचे दुकान बंद पडले की त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही जाते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

म्हणून माझ्या सूचना तीन. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहितीपत्रके स्वतंत्र कारागिरांना वाजवी दरात मिळावीत, असा कायदा मागावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे वर्ग काढावेत आणि त्यांत मुलींना आवर्जून घ्यावे. तिसरी सूचना आपल्याच हातची आहे. २००९ साली ॲम्स्टरडॅम येथे ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. तेथे शेजारी एकत्र बसून एकमेकांच्या वस्तू दुरुस्त करतात. महिन्यातला एक रविवार आपणही त्यासाठी द्यावा, स्थानिक कारागिराला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे आणि प्रत्येकाने घरची एक बंद पडलेली वस्तू घेऊन यावे. निवेदने सादर करणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती स्क्रूड्रायव्हरही असला, तर लोक त्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकतील.