प्रेमकथेचें प्राक्तन



प्रेमकथा लिहिणें सोपें असतें, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. एक तरुण, एक तरुणी, थोडा गैरसमज, थोडे अश्रू आणि शेवटीं मंगलाष्टकें, एवढी सामुग्री जमली कीं कादंबरी झाली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु लिहिणाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें, तर या प्रकाराच्या वांट्याला फार चढउतार आलेले दिसतात. त्यांतील तीन अडचणींचा आज आपण विचार करूं. पहिली अडचण विषयाची, दुसरी द्रव्याची आणि तिसरी प्रतिष्ठेची.

प्रथम विषयाची अडचण घेऊं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्या अद्भुतरम्य आहेत. दुष्टांचीं कारस्थानें, वियोग, संकटें आणि अखेरीस पुनर्भेट यांनीं त्या भरलेल्या आहेत. त्यांना आज आपण हंसतों. पण रिसबुडांनीं आपल्या प्रस्तावनेंत जें कारण दिलें आहे, तें हंसण्यासारखें नाहीं. आपल्या लोकांतील लग्नाच्या चालीमुळें व इतर कांहीं कारणांमुळें त्यांच्या नित्याच्या आयुष्यांत मनोरंजक असें कांहीं घडतच नाहीं, तेव्हां लेखकाला अद्भुताची कांस धरावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आणि तें खरेंच होतें. ज्या समाजांत आठव्या-दहाव्या वर्षीं मुलीचें लग्न उरकलें जाई, तेथें नायिका नायकाला भेटणार केव्हां आणि त्याची निवड करणार कशी? जेथें निवडच नाहीं, तेथें प्रेमकथेला उभें राहण्यास जमीनच उरत नाहीं.

हरिभाऊ आपटे यांनीं हें मर्म ओळखलें. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' पत्र काढलें आणि त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. तिच्यांत आधीं लग्न आहे आणि मग त्या लग्नाच्या चौकटींत उमलूं पाहणारी माया आहे. तें सुख किती ठिसूळ होतें, हें यमूच्या कहाणीनें घरोघर पोंचविलें. पुढें चित्र पालटलें. मध्यमवर्गांत मुली शाळा-कॉलेजांत जाऊं लागल्या, लग्नाचें वय हळूहळू वाढूं लागलें आणि १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीसाठीं चौदा व मुलासाठीं अठरा ही वयोमर्यादा घातली. प्रा. ना. सी. फडके यांची 'जादूगार' १९२८ ची आणि 'दौलत' १९२९ ची, हा निव्वळ योगायोग मानतां येणार नाहीं. तरुण-तरुणींनीं एकमेकांशीं बोलावें, रुसावें, निवड करावी, हें निदान कांहीं घरांत शक्य झालें होतें. फडक्यांची नायिका त्या नव्या शक्यतेंतूनच आली. तिची टापटीप आणि तिचा डौल यांची थट्टा पुष्कळांनीं केली. पण तिला वाचलें नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच.

आतां द्रव्याची अडचण. हिचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील जेन ऑस्टिन या बाईंचें आहे. त्यांची एक कादंबरी १८०३ सालीं एका प्रकाशकानें दहा पौंडांना विकत घेतली आणि तशीच ठेवून दिली. तेरा वर्षें ती छापली गेली नाहीं. अखेर १८१६ सालीं तितकेच दहा पौंड परत देऊन ती सोडवून आणावी लागली. आणि ती प्रसिद्ध झाली १८१७ च्या अखेरीस, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर. दरम्यान १८११ सालीं त्यांनीं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' स्वतः नुकसानीचा धोका पत्करून छापविली. ती खपली आणि त्यांना १४० पौंड मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क मात्र त्यांनीं ११० पौंडांना विकून टाकले होते. त्यामुळें १८१३ मध्यें ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हां लाभ प्रकाशकाच्या पदरांत पडला. ज्या कादंबरीवर स्वतः धोका पत्करला तिनें दिलें, आणि जिचे हक्क विकून निश्चिंत झाल्या तिनें दुसऱ्याला दिलें. लेखकाच्या व्यवहाराचा एवढा स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

मराठी लेखकाची अडचण याहून किंचित् निराळी आहे. आपल्याकडे कादंबरी विकत घेणारे थोडे आणि वाचनालयांतून आणून वाचणारे पुष्कळ. एक प्रत शंभर घरीं फिरते, पण लेखकाला मोबदला मिळतो तो एका प्रतीचा. प्रेमकथेची दिवाळी अंकांशीं मैत्री जडली, तिचें एक कारण हेंच. १९०९ मध्यें 'मनोरंजन' मासिकानें दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुस्तक निघण्यापूर्वींच कथेला वाचक मिळण्याची सोय झाली.

तिसरी अडचण प्रतिष्ठेची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत कठीण. माझ्या नोकरीच्या काळांत कित्येक वर्षें शाळेचें ग्रंथालय माझ्याकडे होतें. वर्षाखेर बांधणीसाठीं पुस्तकें निवडतांना एक गोष्ट हटकून दिसे. बक्षिसपात्र ग्रंथांचीं पानें कोरीं करकरीत, आणि ज्या कादंबऱ्यांचें नांव शिक्षकांच्या खोलींत कोणी आदरानें घेत नसे, त्यांचे पुठ्ठे मात्र निखळलेले. लोक ज्यावर प्रेम करतात, त्याचा आदर करण्यास ते लाजतात.

या लाजेचा भुर्दंड लेखकाला भरावा लागतो. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह 'विभावरी शिरूरकर' या टोपणनांवानें निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनांतील ओढ आणि घुसमट त्यांत होती. केवढी खळबळ माजली! लेखिकेनें, म्हणजे पुढें मालतीबाई बेडेकर म्हणून ख्यात झालेल्या बाईंनीं, नांव कां लपविलें, याचें उत्तर त्या गदारोळानेंच दिलें.

चंद्रकांत काकोडकर यांना तर न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांची 'श्यामा' ही कादंबरी 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयानें सोडलें, उच्च न्यायालयानें दोषी धरलें आणि १९६९ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें निर्दोष ठरविलें. एका कथेसाठीं जवळजवळ सात वर्षें गेलीं! निकालांत न्यायमूर्तींनीं मोठा विवेक दाखविला. कथा वाङ्मयीन दृष्ट्या उच्च दर्जाची नसेल, अपरिपक्वहि असेल, पण तेवढ्यानें ती अश्लील ठरत नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. त्याच वर्षीं काकोडकरांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. एकाच लेखकाला एकाच वर्षीं न्यायालयाची सुटका आणि लोकप्रियतेची भरती अनुभवावी लागली.

आणि दुसऱ्या टोकाला भाऊसाहेब खांडेकरांची 'ययाति' पहा. तिचाहि विषय स्त्रीपुरुषांची वासना आणि प्रीति हाच. १९५९ सालीं ती निघाली, १९६० चें साहित्य अकादमीचें पारितोषिक तिला मिळालें आणि पुढें १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. तेव्हां दोष विषयांत नाहीं, हें उघड आहे. विषय एकच, कोणी तो खोल नेतो, कोणी वरवर हाताळतो.

म्हणून माझी विनंति एवढीच, कीं कादंबरी प्रेमाची आहे एवढ्यावरून तिला नाक मुरडूं नये आणि एवढ्यावरून तिला डोक्यावरहि घेऊं नये. तिला दोन प्रश्न विचारावे. हिच्यांतील माणसें खरोखर निवड करतात, कीं लेखक त्यांना नुसता ओढून नेतो? आणि त्या निवडीची किंमत कोण भरतें? रिसबुडांना जो प्रश्न पडला, तो अजून पुरता सुटलेला नाहीं. आजहि पुष्कळ घरांत मुलीनें आपला जोडीदार स्वतः निवडला, कीं दारें लावून बोलणीं होतात. त्या बंद दारामागील मुलीला आपलें मन कळण्यास शब्द हवे असतात, आणि ते बहुधा तिला अशाच एखाद्या पुठ्ठा निखळलेल्या पुस्तकांत सांपडतात. तें पुस्तक तिच्या हातून ओढून घेण्यापूर्वीं आपण स्वतः एकदां वाचावें. आणि तें चांगलें निघालें, तर पुढल्या खेपेस वाचनालयाची वाट न पाहतां विकत आणावें.