घड्याळाशी बांधलेलं औषध

कंपवात म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. माझ्या यजमानांच्या बारा वर्षांच्या आजारपणात थरथरीपेक्षा जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सकाळी दहाला स्वतः चहा करणारा माणूस साडेबाराला खुर्चीतून उठू शकत नाही. बघणाऱ्याला तो हट्ट वाटतो. खरं म्हणजे औषधाचा अंमल उतरलेला असतो.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात, हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. डोपामिन बाहेरून दिलं तर मेंदूत पोचत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा त्याला वाटेत खर्च होऊ देत नाही, मळमळही कमी करतं.

सुरुवातीला तीन गोळ्यांवर दिवस निभतो. पुढे एका गोळीचा अंमल दोन-तीन तासांवर येऊ शकतो. म्हणून आमच्याकडे गोळी 'जेवणानंतर' नसते. सात, दहा, एक, चार अशी गजर लावून असते. डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं या औषधाच्या वाटेत येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा तास देते.

शेजारी एक वही असते. तिच्यात रकाने चार: वेळ, गोळी, हालचाल आणि 'आणखी काय'. अंग कधी ताठरलं, कधी आपोआप वळवळलं, हे त्यात लिहिते. तपासणीच्या दहा मिनिटांत जे सांगायचं राहून जातं, ते वही सांगते. ती पाहूनच डॉक्टरांनी मात्रा लहान करून वेळा वाढवल्या.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उठताना चक्कर, बद्धकोष्ठ, दिवसा अनावर झोप, नसलेली मांजर दिसणं, सगळं तिथं येतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर ओढा लागतो. जन्मभर पैसा जपून वापरलेल्या यजमानांच्या कपाटात लॉटरीच्या तिकिटांची चळत सापडली. ते मान वर करून बोलेनात. मी तेही वहीत लिहिलं. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी केली आणि ओढा ओसरला. स्वभाव बिघडला नव्हता, तो औषधाचा दुष्परिणाम होता. लाजेपोटी लपवलं असतं, तर घरात नुसती भांडणं उरली असती.

मात्र मनानं गोळी बंद करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवलं तर अंग ताठरून, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरचं सिनारिझिन ही औषधं कंपवाताची लक्षणं वाढवू शकतात. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा. खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, तेव्हा त्याचं चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आलीच, तर गोळ्यांच्या वेळांचा कागद सोबत न्या. तिथल्या सिस्टरना पहिल्याच दिवशी शांतपणे समजावून सांगा, की या माणसाची एकची गोळी एकलाच लागते.