मुभा कोणती, सक्ती कोणती?



इंग्रजी वाचताना आपण मोठ्या शब्दांना भितो. अवघड शब्द आला की शब्दकोश उघडतो, नाहीतर गुरुजींना विचारतो. पण 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड', 'शॅल' असले इवलेसे शब्द आले की ते समजलेच असे धरून पुढे जातो. आणि गंमत अशी की सरकारी पत्र असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो की कायद्याचे कलम असो, आपल्यावर बंधन आहे की आपल्याला मोकळीक आहे, हे या लहान शब्दांवरूनच ठरते. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

मराठवाड्याच्या कचेऱ्यांत इंग्रजीआधी उर्दूचा अंमल होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि 1918 साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. 'मुभा' आणि 'सक्ती' हे दोन शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले ते त्याच्याही कितीतरी आधी. आज शाळेची पायरी न चढलेला माणूसही ते बिनचूक वापरतो. इंग्रजीच्या या शब्दांची किल्ली त्यांतच आहे. 'मे' म्हणजे मुभा. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे सक्ती नाही, पण केलेले बरे. 'कॅन' म्हणजे करणे जमते, तेवढी ताकद आहे. बोलण्यात तो परवानगीसाठीही सर्रास येतो.

पण एवढ्यावर भागत नाही. हेच शब्द अंदाज सांगायलाही येतात. समजा, तुम्ही गुरुजींना भेटायला निघालात. वाटेत कोणी म्हणाले, "गुरुजी घरी असतील कदाचित." येथे इंग्रजीत 'मे' येईल. अंदाज आणखी डळमळीत असेल तर 'माइट'. दारात सायकल दिसली आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे गुरुजी घरी असलेच पाहिजेत." येथे 'मस्ट' येईल. ही सक्ती नव्हे. पुराव्यावरून काढलेला पक्का निष्कर्ष आहे. आता पहा, आपले 'पाहिजे' हेही असेच दुहेरी आहे. "गुरुजींनी वेळेवर आले पाहिजे" यात कर्तव्य आहे, आणि "गुरुजी आले असले पाहिजेत" यात तर्क आहे. म्हणजे मराठी मुलाला ही गोष्ट नवी नाही. त्याला ती फक्त दाखवून द्यावी लागते. दाराला कुलूप दिसले तर? "गुरुजी घरी असणे शक्य नाही." या ठिकाणी मुले हटकून 'मस्ट नॉट' लिहितात. रोजच्या इंग्रजीत तेथे 'कान्ट' येते.

'कॅन' आणि 'मे' यांचा शक्यतेतला फरकही शेतकऱ्याला चटकन कळेल. "मृग कोरडा जाऊ शकतो" हा पिढ्यांचा अनुभव झाला. तेथे 'कॅन' चालतो. "आज सायंकाळी पाऊस येईल कदाचित" हा आजच्या आभाळाकडे पाहून केलेला अंदाज झाला. तेथे 'मे' किंवा 'माइट' हवा.

खरा खड्डा आहे तो नकाराचा. 'मस्ट' आणि 'हॅव टू' हे दोन्ही सक्तीचे. पहिल्यात बोलणाऱ्याचा आग्रह अधिक, तर दुसऱ्यात आपल्या 'लागते'सारखी बाहेरून आलेली निकड: "कामासाठी लातूरला जावे लागते." पण पुढे 'नॉट' लागले की दोघांच्या वाटा साफ वेगळ्या होतात. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचेच नाही, मनाई. 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट' म्हणजे नाही केले तरी चालेल. औषधावर 'उपाशीपोटी घेऊ नये' असे लिहिलेले असणे वेगळे आणि 'जेवणानंतरच घेण्याची गरज नाही' असे असणे वेगळे. येथे घोटाळा झाला तर तो परीक्षेच्या गुणांपुरता राहत नाही.

आता कायद्याकडे वळू. रोजच्या बोलण्यात 'शॅल' आता फारसा उरला नाही. कायद्यात मात्र तो ठाण मांडून आहे आणि तेथे त्याचा अर्थ बहुधा बंधन असा असतो. आपल्या मराठी तर्जुम्यात त्यासाठी 'करील', 'देईल' अशी रूपे येतात. वाचणाऱ्याला वाटते, पुढे केव्हातरी करणार असतील. तसे नाही, ते करणे भाग आहे.

गुरुजनांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण देतो. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्या 45व्या कलमात असे होते की, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील. 'शॅल' होता, पण तो 'प्रयत्न' या शब्दाला जोडलेला. शिवाय ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत बसवलेले. ती तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. पुढे 2002 साली 86वी घटनादुरुस्ती झाली आणि 21-अ हे कलम मूलभूत हक्कांत आले. ते 1 एप्रिल 2010 पासून लागू झाले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण देण्याचा थेट 'शॅल' आहे, 'प्रयत्न' गळाला आहे. कोणत्या रीतीने द्यायचे, हे कायद्याने ठरविण्यासाठी मात्र 'मे' ठेवला आहे. एकाच वाक्यात सक्ती आणि मुभा शेजारी शेजारी बसली आहेत! सहा वर्षांखालच्या बालकांसाठी 45व्या कलमात आजही 'प्रयत्न'च आहे.

2005 चा माहितीचा अधिकार घ्या. माहिती द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी, हे तीस दिवसांत करण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे. तेथे 'शॅल' आहे. आणि अर्ज का केला याचे कारण अर्जदाराला सांगावे लागत नाही. हा झाला आपला 'गरज नाही'चा नकार. तेव्हा कोणी कारण विचारले तर कायदा तुमच्या बाजूला आहे. एवढे मात्र ध्यानात धरावे की कायद्यातला 'मे' दरवेळी ऐच्छिकच असतो असे नाही. कलमाचा हेतू पाहून न्यायालये कधी त्यात कर्तव्यही वाचतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. या शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. फळ्यावर चार घरे आखा: मुभा, सक्ती, अंदाज, खात्री. मुलांकडून गावातलीच मराठी वाक्ये घ्या. "दप्तर भिजले असेल." "फी भरावी लागत नाही." "विहिरीकडे जायचे नाही." प्रत्येक वाक्य कोणत्या घरातले, आणि नकार असला तर मनाईचा की मोकळिकीचा, हे मुलांनाच ठरवू द्या. घर सापडले की इंग्रजी शब्द शोधायला वेळ लागत नाही. मराठी व्याकरणातला विध्यर्थ, म्हणजे 'करावे', 'जावे' ही रूपे, मुलांनी शिकलेली असतातच. कर्तव्य, शक्यता, इच्छा हे अर्थ तेथे एकाच प्रत्ययातून येतात. इंग्रजीत त्यांना निरनिराळे शब्द आहेत, इतकेच.

आणि शेतकरी बंधूंनो, माता-भगिनींनो, पुढच्या वेळी इंग्रजी कागद हाती आला तर जाणत्या मुलाकडून किंवा मुलीकडून एवढे करून घ्या. 'मे', 'मस्ट', 'शॅल', 'नॉट' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा आणि विचारा, "बाळ, हे करावेच लागेल, की केले तर चालेल?" उत्तर नीट मिळेपर्यंत सही करू नका.