आधी खेळणे, मग पाटी
(मंडळीच्या सभेत दिलेले भाषण)



दिवाळी सरली की ठाणे-पालघरकडच्या पाड्यांवरून अनेक कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. मुलेही सोबत जातात. पहिली-दुसरीत नुकतीच ओळख झालेली अक्षरे आणि अंक तेवढ्या महिन्यांत पुसले जातात. मग जूनमध्ये तेच मूल वर्गात मागे बसते आणि हळूहळू शाळेत येईनासे होते. म्हणून भट्टीवरच्या झोपडीतही थोडे शिकणे चालू राहिले पाहिजे.

"आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" असे आया विचारतात. त्यांना माझे एकच सांगणे असते: मुलाला जे खेळणे सर्वांत आवडते, तिथून सुरुवात करा.

सागरगोटे घ्या. पाचांतले दोन हातात आले, तर जमिनीवर किती उरले? एक आले, तर किती? पाच कसे कसे होतात, हे मूल खेळताखेळता शिकते. आणि हा खेळ आईला कोणत्याही गुरुजींपेक्षा चांगला येतो! चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करा. तीन ढीग आणि वर चार सुटे म्हणजे चौतीस. दशक आणि एकक याहून वेगळे नाही. मातीचे बैल केले असतील, तर एका बैलाचे पाय चार, जोडीचे आठ, तीन बैलांचे बारा. चारचा पाढा झाला. जुना टायर फिरवणाऱ्या मुलाला टायरवर चुन्याची एक खूण करून द्या. झोपडीपासून हापशापर्यंत ती खूण किती वेळा खाली आली, हे त्याला मोजू द्या.

चिंधीची बाहुली तर बोलायला शिकवते. ती कुठे निघाली? का रुसली? मूल घरच्या बोलीत सांगेल, त्याला अडवू नका. शाळेची मराठी त्याला परकी वाटते. तीच गोष्ट नंतर पुस्तकी मराठीत सांगितली, की नवे शब्द ओळखीचे होतात. मग धुळीत बोटाने 'बा' काढायचा, बाहुलीचा.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. त्या आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले वापरले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. आधी मुलाने आपल्याला खेळ शिकवावा, मग आपण प्रश्न विचारावा. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल कंटाळण्याआधी थांबावे. आणि उत्तर चुकले म्हणून खेळणे कधीही काढून घेऊ नये. नाहीतर त्याचे आवडते खेळणेच परीक्षा होऊन बसते. अगदी लहान मुले वस्तू तोंडात घालतात, त्यांच्या हाती चिंचोके आणि सागरगोटे देऊ नयेत.

घरचे शिकणे शाळेच्या जागी नाही, शाळेत परत जाता यावे यासाठी आहे. म्हणून कुटुंब गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यायची आठवण करावी आणि भट्टीजवळच्या शाळेत मुलाचे नाव घालायला मदत करावी.

आपण नाताळात प्रेमाने खेळणी पाठवता, त्याबद्दल आभार. यंदा त्यांच्यासोबत पाट्या, खडू आणि चित्रांची पुस्तके पाठवा. आणि ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातली एक दुपार द्या. भट्टीवर या, मुलांमध्ये जमिनीवर बसा आणि विचारा, "तुझा खेळ मला शिकवशील का?"